तोतया गिऱ्हाईक, खरा कॅमेरा

गाडीच्या शोरूममध्ये शिरलेला माणूस गाडी घ्यायला आलाय की आपली परीक्षा घ्यायला, हे सेल्समनला कळत नाही. कळू नये हीच त्या परीक्षेची मुख्य अट. मिस्टरी शॉपिंग नावाच्या या उद्योगाचा मामला तसा साधा आहे. एजन्सी कुणाला तरी ठरावीक मानधन देऊन तोतया गिऱ्हाईक म्हणून पाठवते. बजेट किती सांगायचं, घरात माणसं किती, जुनी गाडी कोणती, निर्णय कधीपर्यंत घ्यायचाय, हे सगळं आधी पाठ करून घेतलेलं असतं. तो जातो, गाड्या बघतो, टेस्ट ड्राइव्ह घेतो, कोटेशन मागतो, ‘घरी विचारून कळवतो’ म्हणतो आणि बाहेर पडून फॉर्म भरतो. आत आल्यावर किती मिनिटांनी कुणी विचारपूस केली? नाव विचारलं का? गरज समजून घेतली, की थेट सगळ्यात महागडं मॉडेल दाखवलं? टेस्ट ड्राइव्हचं स्वतःहून सुचवलं का? दुसऱ्या दिवशी फोन आला का?

इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. ती सुरू होते शर्टाच्या बटणापासून. त्या बटणात, पेनात, किल्लीच्या जुडग्यात आणि आता चष्म्याच्या फ्रेममध्येही कॅमेरा बसतो. दारातून आत येण्यापासून निरोप घेईपर्यंतचं सगळं आवाजासकट टिपलं जातं, एजन्सीकडे जातं, तिथून गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे किंवा डीलरकडे. मोटारींच्या धंद्यात हा प्रकार विशेष रुजला त्याला कारण आहे. गाडी विकायला तास-दीड तास बोलावं लागतं. कंपनीने त्या बोलण्याचेही टप्पे ठरवून दिलेले असतात, आणि डीलरला मिळणाऱ्या बोनसचा काही भाग पुष्कळदा या परीक्षेतल्या गुणांवर अडकलेला असतो. गुणांना पैसा चिकटला की गुणांवरून वाद होणारच, आणि वाद मिटवायला व्हिडिओइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की छुपी तपासणी आणि छुपं चित्रीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच पुडक्यात बांधून आपल्याला विकल्या जात आहेत. पहिलीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. दुसरी मालकाने किंवा कंपनीने आपल्याच माणसांवर वापरायची असेल, तर तिच्यावर बंदी हवी, अपवाद अगदी मोजके ठेवून.

पहिलीला पाठिंबा का, ते आधी सांगतो. गाडीच्या व्यवहारात गिऱ्हाईक आंधळं असतं. शेजारच्या टेबलावर तीच गाडी कितीला गेली हे त्याला माहीत नसतं. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी इयन एअर्स या कायद्याच्या प्राध्यापकांनी शिकागो परिसरातल्या नव्वद डीलरांकडे तोतया गिऱ्हाइकं पाठवली. गोरे पुरुष, गोऱ्या स्त्रिया, काळे पुरुष, काळ्या स्त्रिया. सगळ्यांना तीच गाडी, तीच घासाघिशीची पद्धत, तेच पाठ केलेलं बोलणं. डीलरने गोऱ्या पुरुषाकडून जितका नफा मागितला, त्याच्या दुपटीहून जास्त काळ्या पुरुषाकडून आणि तिपटीहून जास्त काळ्या स्त्रीकडून मागितला. पुढे पीटर सीगलमन यांच्यासोबत त्यांनी तीनशेहून अधिक सौद्यांचा अभ्यास केला, तो 1995 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि भेदभाव तिथेही दिसला.

आता गंमत बघा. यातल्या एखाद्याच सौद्याची फिल्म आपण पाहिली असती तर काय दिसलं असतं? हसतमुख, अदबीने बोलणारा सेल्समन. खुर्ची पुढे करणारा, पाणी विचारणारा. अन्याय एका भेटीत दिसण्यासारखा नव्हताच. शेकडो भेटींचे आकडे शेजारी शेजारी मांडल्यावरच तो दिसला. कदाचित त्या सेल्समनला स्वतःलाही तो ठाऊक नसेल. तो सिद्ध करायला कुणाचा चेहरा लागला नाही, कुणाचं नाव लागलं नाही.

ब्रिटनमध्येही असंच झालं. तिथे गाडीचं कर्ज डीलरच जुळवून देतो आणि सावकार कंपनीकडून कमिशन घेतो. कित्येक करारांत व्याजदर किती लावायचा हेही डीलरच ठरवायचा, आणि दर जितका चढा तितकं त्याचं कमिशन जास्त. गिऱ्हाइकाला याचा पत्ता नाही. वित्तीय आचार प्राधिकरण ही तिथली नियामक संस्था. तिने 122 ठिकाणी तोतया गिऱ्हाइकं पाठवली. आपल्याला कमिशन मिळतं हे सांगणारे अगदी थोडे निघाले. 2019 च्या मार्चमध्ये हे निष्कर्ष जाहीर झाले आणि 28 जानेवारी 2021 पासून व्याजदराशी जोडलेलं असं कमिशनच बंद करण्यात आलं. कुणा एका सेल्समनला वेचून शिक्षा झाली नाही. पैशाची जी रचना त्याच्याकडून ते करून घेत होती, ती मोडली.

मग कॅमेरा नेमकी कशाची भर घालतो? फॉर्म म्हणतो, ‘या शोरूममध्ये एक्स्टेंडेड वॉरंटी ऐच्छिक आहे हे सांगितलं नाही.’ व्हिडिओ म्हणतो, ‘याने सांगितलं नाही.’ बोट संस्थेवरून माणसाकडे वळतं. आणि एकदा वळलं की ते तिथेच राहतं, कारण व्हिडिओ बघणारी खोली शोरूमच्या मॅनेजरची असते, कमिशनचे तक्ते आखणाऱ्यांची नसते.

ती खोली डोळ्यांपुढे आणा. आठवड्याच्या सुरुवातीची मीटिंग आहे. प्रोजेक्टर लावलाय. सगळा स्टाफ बसलाय. पडद्यावर त्यांच्यातलाच एकजण, खालून वर बघणाऱ्या कोनातून घेतलेला, कारण कॅमेरा छातीच्या उंचीवर होता. तो मायलेजच्या प्रश्नावर अडखळतो, खिशातला रुमाल काढतो, घाम पुसतो, चुकीचा आकडा सांगतो. मॅनेजर पॉज करतो. मागे नेतो. पुन्हा लावतो. कुणीतरी हसतं. हा व्हिडिओ ‘ट्रेनिंगसाठी’ आहे, असं सगळ्यांना सांगितलेलं असतं. ज्याचं ट्रेनिंग चाललंय तो पुढचे कित्येक दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या बटणाकडे बघत बोलणार, हे कोणत्याच रकान्यात येत नाही. खऱ्या गिऱ्हाइकाला मग काय मिळतं? पाठ केलेली वाक्यं. चुकू नये म्हणून टाळलेली उत्तरं. ‘खरं सांगू का, तुम्हाला हे टॉपचं मॉडेल लागणार नाही’ असं सांगायची हिंमत करणारा सेल्समन या व्यवस्थेत पहिला मरतो.

सगळ्यात जास्त मला खटकते ती टेस्ट ड्राइव्ह. दोन माणसं, बंद काचा, पंधरा-वीस मिनिटं. फॉर्ममध्ये एक प्रश्न हमखास असतो: सेल्समनने आपुलकीचं नातं जोडलं का? म्हणजे त्याने घरचं विचारायला हवं, थोडं स्वतःचंही सांगायला हवं. तोतया गिऱ्हाइकानेही पाठ केलेलंच असतं: ‘दोन मुलं आहेत, मागची सीट मोठी हवी.’ त्यावर सेल्समन म्हणणार, ‘माझ्या धाकटीला लांबच्या प्रवासात उलट्या होतात, म्हणून मी नेहमी सांगतो, मागच्या सीटचा एसी व्हेंट बघून घ्या.’ कदाचित तिच्या आजारपणाबद्दल आणखी दोन वाक्यं. कदाचित या महिन्याचं टार्गेट पुरं होत नाहीये याबद्दल एक. त्याची मुलगी खरी असते, समोरच्याची मुलं खोटी. आणि हे सगळं रेकॉर्ड होऊन दहा अनोळखी लोकांपुढे वाजवलं जातं. मन मोकळं करायला लावायचं, त्यासाठी गुण द्यायचे आणि ते मोकळं झालेलं मन साठवून ठेवायचं: या साखळीत मला कुठेही प्रामाणिकपणा दिसत नाही.

शिवाय तो तास-दीड तास त्याचा कामाचा वेळ असतो. ज्याचा पगार विक्रीवर ठरतो, त्याचा तेवढा वेळ न होणाऱ्या सौद्यात गेला. कॅमेरा असो-नसो, हा तोटा होतोच, आणि त्याची भरपाई द्यावी असं कुणाला सुचल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

फ्रेममध्ये आणखीही माणसं असतात. शेजारच्या टेबलावर एक जोडपं कर्जाचे कागद पसरून बसलेलं असतं. पगाराची स्लिप, नाकारलेला आधीचा अर्ज, ‘हप्ता एवढा कसा झेपेल’ हे दबक्या आवाजातलं बोलणं. त्यांना कुणीच काही विचारलेलं नाही. ‘सीसीटीव्ही तर असतोच की,’ असं यावर लगेच म्हटलं जातं. असतो, पण तो छताला असतो, त्याची पाटी लावलेली असते आणि तो सहसा मुका असतो. बटणातला कॅमेरा टेबलाच्या उंचीवर येतो आणि ऐकतो. हाच प्रश्न उलटा करून बघा. सेल्समन ‘मॅनेजरला विचारून येतो’ म्हणून उठला आणि मागे राहिलेल्या नवरा-बायकोचं ‘जास्तीत जास्त किती देऊ शकतो’ हे कुजबुजणं टेबलाखालच्या मायक्रोफोनने टिपलं, तर आपण ‘शोरूम ही सार्वजनिक जागाच आहे’ म्हणून गप्प बसू का?

कायदा या बाबतीत देशागणिक वेगळा आहे. जर्मनीच्या दंडसंहितेचं कलम 201 खाजगीत बोललेले शब्द परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं हा तुरुंगात धाडू शकणारा गुन्हा मानतं. कॅलिफोर्नियात गोपनीय संभाषण रेकॉर्ड करायला सगळ्या पक्षांची संमती लागते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात मात्र बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, आणि मिस्टरी शॉपिंगच्या एजन्सींची मदार यावरच. तो ‘एक पक्ष’ म्हणजे कोण? रेकॉर्ड करण्यासाठीच पैसे घेऊन आलेला तोतया. त्याची संमती नसेल तर कुणाची असेल!

‘कामाच्या ठिकाणी कसली आलीय प्रायव्हसी?’ हा ठेवणीतला युक्तिवाद मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने 2017 मध्येच मोडीत काढला आहे. रुमानियातल्या बार्बुलेस्कू या कर्मचाऱ्याचे कंपनीच्या चॅट खात्यावरचे खाजगी संदेश मालकाने वाचले होते. मालकाच्या सूचनांनी कामाच्या जागेवरचं खाजगी सामाजिक आयुष्य शून्यावर आणता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. पण याच न्यायालयाने दोन वर्षांनी स्पेनमधल्या एका सुपरमार्केटच्या छुप्या कॅमेऱ्यांना मान्यता दिली, आणि माझ्या बाजूने लिहिणाऱ्याने ते लपवू नये. लोपेझ रिबाल्दा नावाने ओळखलं जाणारं हे प्रकरण. दर महिन्याला हजारो युरोंचा माल गायब होत होता. व्यवस्थापनाने काही कॅमेरे उघड लावले, काही गल्ल्यावर लपवून. दहा दिवसांत चोरी उघड झाली, चौदा जणांना काढलं. न्यायालयाने चौदा विरुद्ध तीन मतांनी मालकाची बाजू घेतली. का? संशय ठोस होता, नुकसान मोठं होतं, मुदत थोडी होती, चित्रण मोजक्यांनीच पाहिलं आणि चोर शोधण्यापलीकडे ते वापरलं नाही. यातली एक तरी गोष्ट शोरूमच्या नेमाने होणाऱ्या व्हिडिओ-परीक्षेला लागू पडते का? तिथे संशय कशाचा, तर हसून नमस्कार केला नाही याचा.

पत्रकारांचं काय, असा प्रश्न येईलच. त्याचं उत्तर मला तर फार शिकवणारं वाटतं. स्वित्झर्लंडमध्ये 2003 साली ग्राहकांसाठीच्या एका टीव्ही कार्यक्रमाने विमा-दलालांच्या चुकीच्या सल्ल्यांबद्दलच्या तक्रारींवरून एका दलालाला छुप्या कॅमेऱ्यांसमोर बसवलं. समोर तोतया गिऱ्हाईक. पत्रकारांना दंड झाला. 2015 मध्ये, हाल्डिमान प्रकरणात, युरोपीय न्यायालयाने तो दंड अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवला. पण कशाच्या जोरावर? मुलाखत संपताच पत्रकाराने येऊन त्या दलालाला सांगितलं होतं की तुमचं चित्रण झालंय, तुम्हाला काही म्हणायचंय का. प्रसारणात त्याचा चेहरा पुसट केला होता, आवाज बदलला होता. आणि टीका त्या माणसावर नव्हती, धंद्यातल्या रीतीवर होती. शोरूमच्या व्हिडिओत हे सगळं बरोबर उलटं असतं. चेहरा स्पष्ट हवा, आवाज ओळखू यायला हवा, माणूस हाच विषय, आणि सांगायचं झालं तर गुण लागल्यानंतर.

एक युक्तिवाद मात्र मला खरोखर अडवतो, आणि तो सेल्समनच्याच बाजूने केला जातो. तोतया गिऱ्हाईकही खोटं लिहू शकतं. कमी मानधनावर दिवसात चार शोरूम उरकणारा माणूस अर्धा फॉर्म घरी बसून अंदाजाने भरणार नाही याची खात्री काय? ‘टेस्ट ड्राइव्ह सुचवलीच नाही’ असं त्याने ठोकून दिलं, तर व्हिडिओच सेल्समनला वाचवेल. हे खरं आहे, आणि अशा खोट्या फॉर्मपायी कुणाचा इन्सेंटिव्ह बुडाला तर त्याला प्रायव्हसीचं व्याख्यान ऐकवणं क्रूरपणाचं ठरेल. पण मग नीट बघायला हवं: अडचण एका भेटीवर माणसाचं भवितव्य ठरवण्यात आहे. एका फॉर्मवर पगार कापू नका, वेगवेगळ्या माणसांच्या अनेक भेटींची सरासरी काढा आणि गुण शोरूमचे धरा, तर खोट्या फॉर्मचा डंख आपोआप बोथट होतो. व्हिडिओ हवाच असेल तर त्याची चावी ज्याचं चित्रण झालं त्याच्या हातात द्या: त्याने निकालाला आव्हान दिलं तरच तो उघडेल, नाहीतर न पाहता पुसला जाईल. कर्मचाऱ्याच्या भल्यासाठी व्हिडिओ घेतो म्हणणाऱ्या किती कंपन्या या अटीला तयार होतील, याबद्दल मला शंका आहे.

नेमणूकपत्रातल्या कलमाचा आधारही असाच पोकळ आहे. ‘गुणवत्ता तपासणीसाठी आपलं चित्रीकरण होऊ शकतं’ या ओळीखाली सही नसेल तर नोकरी नाही. अशी संमती मोकळेपणाने दिलेली मानता येत नाही, हे युरोपातल्या डेटा संरक्षणाच्या नियामकांनी पुनःपुन्हा सांगितलं आहे. सूचना देणं आवश्यक आहेच. पण सूचना दिली म्हणजे सगळं माफ, असं होत नाही.

या सगळ्यात ज्याला कधीच कॅमेऱ्यासमोर यावं लागत नाही, तो माणूस वरच्या मजल्यावर बसतो. महिन्याला इतक्या वॉरंट्या, इतक्या अॅक्सेसरीज, इतकी कर्जं आमच्यामार्फतच गेली पाहिजेत, हे आकडे तो ठरवतो. महिनाअखेरीला ते भरले नाहीत तर खालच्याचा फोन वाजतो. मग खालचा गिऱ्हाइकाच्या गळ्यात नको ते मारतो, आणि नेमकं तेवढंच बटणातल्या कॅमेऱ्यात येतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी म्हणणार नाही. सेल्समन काही संन्यासी नसतो. पण दोघांपैकी एकाचंच चित्रण व्हावं यात योगायोग नाही.

आणि साठवलेला व्हिडिओ नुसता पडून राहत नाही. चेहऱ्यावरचं हसू मोजणारी, आवाजातला उत्साह तोलणारी सॉफ्टवेअरं आली आहेत. आज ‘ट्रेनिंगसाठी’ घेतलेलं रेकॉर्डिंग उद्या या यंत्रांचा चारा होणार नाही, असं कोणतंही कलम मला तरी दिसलेलं नाही. युरोपीय संघाने आपल्या एआय कायद्यात कामाच्या ठिकाणी यंत्राकडून माणसाच्या भावना ओळखण्यावर वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता बंदी घातली, ती 2 फेब्रुवारी 2025 पासून लागू आहे. कागदी फॉर्मवर ‘हसून बोलला का’ याला दिलेला एक गुण यंत्राला खायला घालता येत नाही. चेहरा घालता येतो.

म्हणून नियम असा हवा: तोतया गिऱ्हाईक पाठवा, खुशाल पाठवा, स्टाफला आधी सांगून ठेवा की असे लोक येत असतात. भेटीचा निकाल शोरूमच्या नावावर लिहा. छुपं चित्रीकरण फक्त तिथे, जिथे फसवणुकीचा किंवा भेदभावाचा ठोस संशय आहे आणि दुसऱ्या मार्गाने तो तपासता येत नाही. आणि तेही नियामकाने किंवा स्वतंत्र तपासनिसाने करावं, ज्याचा बोनस त्या गुणांवर अडकलाय त्याने नव्हे. टेस्ट ड्राइव्ह त्यातूनही वगळा.

असा नियम येईपर्यंत युरोपातल्या सेल्समनच्या हातात एक हत्यार आहे, आणि ते पुरेसं वापरलं जात नाही असं मला वाटतं. तिथल्या डेटा संरक्षण कायद्याच्या, जीडीपीआरच्या, कलम 15 नुसार कुणीही आपल्याबद्दल साठवलेल्या माहितीची प्रत मागू शकतो, आणि एरवी महिन्याभरात ती द्यावी लागते. व्हिडिओ ही माहितीच आहे. प्रत देताना चित्रातल्या इतरांच्या हक्कांना धक्का लागता कामा नये, म्हणजे शेजारच्या टेबलावरचं जोडपं, मागून गेलेलं पोर, काउंटरवरची मुलगी, सगळ्यांचे चेहरे पुसट करायचे आणि त्यांचे आवाज काढायचे. तासाभराच्या फिल्मवर हे करायला किती तास आणि किती पैसे लागतात, याचा हिशेब शोरूममधल्या प्रत्येकाने एकेक अर्ज टाकला की कंपनीला आपोआप करावा लागेल.